हेड उघडण्याआधी

नांदेडहून अर्धापूर ओलांडून येणारा रस्ता वारंगा फाट्यावर दोन दिशांना फुटतो. एक रस्ता आखाडा बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोलीला आणि पुढे वाशीम-अकोल्याकडे जातो, दुसरा उमरखेडवरून यवतमाळ-नागपूरकडे. राष्ट्रीय महामार्ग १६१ आणि ३६१ इथे एकमेकांना भेटतात. खिचडी खायला थांबणाऱ्यांमुळे फाट्यावर दिवसरात्र गाड्या उभ्या असतात. अर्धापूरची केळी भरलेले पिकअप असतात, हळदीच्या गाड्या असतात, नागपूरहून तुळजापूरला निघालेली कुटुंबं असतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर गेला की त्यांतल्या एखाद्या गाडीचं बॉनेट उघडं दिसतं आणि चालक हातात पाण्याची बाटली घेऊन वाफ कधी थांबते याची वाट पाहत असतो.

अशा गाड्यांची तक्रार बहुतेक वेळा ठरावीक शब्दांत येते. सकाळी स्टार्ट केल्यावर थोडा वेळ मिसिंग करते, मग सुरळीत चालते. पाणी कमी होतं, पण खाली थेंब दिसत नाही. एवढं ऐकून कोणी म्हणतं, ‘गॅस्केट गेली, हेड उघडावं लागेल.’ हे निदान कधीकधी बरोबर असतं. पण फार लवकर केलेलं असतं, आणि माझा आक्षेप त्या घाईला आहे. हेड एकदा उघडलं की कोणत्या सिलिंडरमधून हवा कुठे जात होती, दाब कुठे कमी पडत होता, हे तपासायची संधी जाते. पुरावा पुसला जातो आणि गाडीमालकाचे काही हजार रुपये खर्च झालेले असतात. हेड उघडण्याआधी करायच्या बहुतेक चाचण्या तासाभरात होतात, आणि त्यांच्यामागचं विज्ञान शाळेत शिकलेल्या वायूंच्या नियमांपलीकडे फारसं जात नाही.

आधी टर्बोबद्दल, कारण गॅस्केटवरचा ताण तिथूनच वाढतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात उष्णता आणि वेग दोन्ही असतात आणि दोन्ही वाया जातात. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये या धुरावर एक चक्र फिरवून, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने इंजिनात हवा दाबून भरायच्या कल्पनेचं पेटंट घेतलं. हवा जास्त गेली की इंधन जास्त जाळता येतं, आणि लहान इंजिन मोठ्या इंजिनाचं काम करतं. आपल्याकडे या कल्पनेला करआकारणीनेही बळ दिलं. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, पेट्रोलमध्ये १२०० सीसीपर्यंतच्या आणि डिझेलमध्ये १५०० सीसीपर्यंतच्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. इंजिन लहान ठेवायचं आणि ताकद तर हवी, यावर टर्बो हा सरळ मार्ग होता. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल पुण्याजवळच्या रांजणगावात बनत होतं, आणि हेच इंजिन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांतून वर्षानुवर्षं महाराष्ट्रभर धावलं. रांजणगावातच तयार होणाऱ्या टाटा नेक्सॉनमध्ये तीन सिलिंडरचं १.२ लिटर टर्बो पेट्रोल इंजिन आलं.

ताकद वाढली तशी उष्णताही वाढली. टर्बोने हवेचा दाब दुप्पट केला तर ४२ अंशांची बाहेरची हवा इंटरकूलरच्या तोंडाशी साधारण १४० अंशांवर पोचलेली असते. पेट्रोल इंजिनाचा धूर टर्बोच्या चक्रावर ९०० अंशांच्या वर आदळू शकतो. सिलिंडरमध्ये स्फोटाच्या क्षणी डिझेलचा दाब दीडशे बारच्या आसपास जातो, आणि त्याच सिलिंडरपासून काही मिलिमीटरवर कूलंट वाहत असतं, जेमतेम एक बार दाबाचं. या दोघांना वेगळं ठेवणारी पातळ चकती म्हणजे हेड गॅस्केट. हल्ली ती पोलादाच्या पातळ पत्र्यांच्या थरांची असते.

गॅस्केटवर येणारा ताण फक्त दाबाचा नसतो. पुष्कळ इंजिनांत ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं असतं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या दुप्पट प्रसरण पावतं. चारशे मिलिमीटर लांबीचं हेड ८० अंशांनी तापलं तर पाऊण मिलिमीटरच्या जवळ वाढतं, खालचा ब्लॉक मात्र त्याच्या निम्माच वाढतो. म्हणजे गाडी सुरू होऊन गरम होईपर्यंत दोन पृष्ठभाग एकमेकांवरून टोकाशी काही दशांश मिलिमीटर सरकलेले असतात, आणि गॅस्केटने ही सरक रोज सहन करायची असते. इंजिन नेहमीच्या तापमानात असेपर्यंत ती करते. इंजिन एकदा जोरात तापलं की हेडच वाकतं. किती वाकलेलं चालतं? अनेक इंजिनांसाठी मर्यादा ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते. डोळ्यांना ते दिसत नाही, सरळ पट्टी आणि फीलर गेज लावल्यावरच कळतं.

आता कॉम्प्रेशनकडे, म्हणजे सिलिंडर हवा किती दाबतो याकडे येऊ. पेट्रोल इंजिनाचे सगळे प्लग काढतात, डिझेलचे ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढतात, इंधन बंद ठेवतात, भोकात गेज बसवतात आणि स्टार्टरने इंजिन फिरवतात. दहाला एक या प्रमाणात हवा दाबली तर गेजवर किती यायला हवं? हवा तापलीच नसती तर वातावरणाच्या दहापट. दाबताना निर्माण झालेली सगळी उष्णता हवेतच राहिली असती तर पंचवीसपट. प्रत्यक्षात व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, थोडी उष्णता भिंतींत जाते, थोडी हवा रिंगांमधून निसटते. त्यामुळे पेट्रोल टर्बो इंजिनात गेज साधारण १० ते १३ बारवर थांबतं, गॅरेजच्या भाषेत दीडशे ते एकशेऐंशी पौंड. डिझेलमध्ये हाच आकडा २५ ते ३२ बारच्या घरात असतो.

एकट्या आकड्याला मात्र फारसा अर्थ नाही. बॅटरी उतरलेली असेल तर इंजिन हळू फिरतं आणि चारही सिलिंडर कमी दाखवतात. टायमिंग चेन एक दात सरकली असेल तरी चारही कमी दाखवतात. पेट्रोल गाडीत थ्रॉटल पूर्ण उघडलं नसेल तर हवाच आत शिरत नाही. पाहायचा असतो तो सिलिंडर-सिलिंडरमधला फरक. दहा टक्क्यांपर्यंत चालतो, पंधराच्या पुढे गेला की काहीतरी बिघडलं आहे. समजा डिझेल गाडीत ३०, २९, २२, २९ असे आकडे आले. तिसऱ्या सिलिंडरची स्वतःची काहीतरी अडचण आहे, व्हॉल्व्ह किंवा रिंग किंवा गॅस्केट. पण ३०, २१, २१, २९ असे आले, म्हणजे शेजारचे दोन सारखेच पडलेले, तर त्या दोघांच्या मधल्या अरुंद पट्टीवर गॅस्केट उडाल्याचा संशय सर्वांत आधी घ्यावा. तिथून दोन्ही सिलिंडर एकमेकांत हवा सोडतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. स्टार्टरवर इंजिन फिरताना टर्बो जवळपास फिरतच नाही. त्यामुळे कॉम्प्रेशन कमी आलं म्हणून टर्बोला दोष देता येत नाही, आणि कॉम्प्रेशन उत्तम आलं म्हणून टर्बो ठीक आहे असंही म्हणता येत नाही.

सकाळी मिसिंग करणारी गाडी महामार्गावर सुरळीत का चालते, याचं उत्तर वेळेत आहे. स्टार्टरवर इंजिन मिनिटाला अडीचशे फेऱ्या फिरतं, तेव्हा दाबण्याच्या एका धावेला ०.१२ सेकंद लागतात. तीन हजार फेऱ्यांवर तीच धाव ०.०१ सेकंदात संपते. निसटायला हवेला बारापट कमी वेळ मिळतो. फट तीच असते, पण तिच्यातून जायला हवेला सवडच नसते. म्हणून ‘रस्त्यावर पिकअप चांगला आहे’ हे ऐकून इंजिन निरोगी ठरवणं धोक्याचं. दोष मंद गतीला आणि थंड इंजिनालाच बोलतो.

फरक सापडला की हवा नेमकी कुठे जाते ते शोधायचं. पेट्रोल इंजिनात जुनी युक्ती आहे: कमी पडलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडायचं आणि पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर ऑइलने रिंगांची फट तात्पुरती बुजवली, दोष रिंगांचा. आकडा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. डिझेलमध्ये ही युक्ती करू नये. तिथे पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा इतकी कमी असते की ऑइल स्वतःच जागा व्यापून आकडा वाढवतं. १.३ लिटर मल्टिजेटमध्ये एका सिलिंडरची ही जागा १९ मिलिलिटरच्या आसपास भरते, चहाचे चार चमचेसुद्धा नाहीत.

याहून चांगली चाचणी म्हणजे लीक-डाउन. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणायचा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, आणि प्लगच्या भोकातून कंप्रेसरची हवा सोडायची. टायरमध्ये हवा भरायचा कंप्रेसर फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडेही असतो. त्याला जोडायचं दोन घड्याळांचं गेज मात्र सगळ्या गॅरेजांत नसतं, आणि ते असावं असं मला मनापासून वाटतं. हवा सोडली की कान लावायचा. एअर फिल्टरच्या बाजूला फुसफुस ऐकू आली तर इनटेक व्हॉल्व्ह. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा किंवा पिस्टन, इथे थोडी हवा चांगल्या इंजिनातही येतेच. आणि कूलंटच्या टाकीत बुडबुडे आले तर हेड किंवा गॅस्केट. शेवटच्या या एका खुणेत कॉम्प्रेशन आणि पाणी या दोन्ही तक्रारी एकत्र येतात. बुडबुडे आलेच नाहीत, तर त्या वेगळ्या आहेत असं धरून चालायचं आणि दोन्ही स्वतंत्रपणे शोधायच्या.

हल्ली कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये प्लग न काढताही अंदाज घेता येतो. प्रत्येक सिलिंडर हवा दाबतो तेव्हा स्टार्टरला जोर लागतो आणि बॅटरीतून येणारा प्रवाह चढतो. स्क्रीनवर हे चढउतार ओळीने दिसतात. एक शिखर ठेंगणं दिसलं की तो सिलिंडर अशक्त. कॉम्प्रेशनचा नेमका आकडा यातून मिळत नाही, पण कुठे गेज लावायचं ते दोन मिनिटांत कळतं.

पाण्याचा शोध झाकणापासून सुरू करावा. रेडिएटरचं किंवा टाकीचं झाकण हे प्रेशर कुकरच्या शिट्टीचं काम करतं. एक बार जादा दाबाखाली पाणी १०० ऐवजी १२० अंशांना उकळतं, आणि निम्मं ग्लायकॉल असलेलं कूलंट त्याहूनही वर. झाकणाची स्प्रिंग सैल झाली किंवा रबर कडक झालं की दाब टिकत नाही, कूलंट लवकर उकळतं आणि बाहेर फेकलं जातं. गळती कुठेच नसते, तरी पाणी कमी होतं. बदलायला सर्वांत स्वस्त असा हा भाग आहे, आणि सर्वांत शेवटी तपासला जातो. गरम इंजिनावर मात्र झाकणाला हात लावू नये. दाब सुटला की उत्कलनबिंदूच्या वर गेलेलं कूलंट त्याच क्षणी वाफ होऊन तोंडावर येतं. फडकं गुंडाळून हळूच उघडण्याचा प्रयत्नही नको, इंजिन थंड होऊ द्यावं.

इंजिन थंड झाल्यावर झाकणाच्या जागी हातपंप बसवतात, झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरतात आणि पंधरा मिनिटं काटा पाहतात. काटा उतरला तर पाणी कुठेतरी वाट काढतं आहे. मग टॉर्च घेऊन पाहायचं: होजचे जोड, थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिकचं घर, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीची कड, वॉटर पंपाखालचं बारीक छिद्र, डॅशबोर्डमागचा हीटर. टर्बो गाडीत आणखी एक फसवी जागा असते. पेट्रोल टर्बोच्या बेअरिंगला ऑइलबरोबर कूलंटही पुरवतात, आणि त्या नळीचा जोड टर्बोच्या तापलेल्या घराशेजारी असतो. तिथे पडलेला थेंब जमिनीपर्यंत पोचतच नाही, जागीच वाफ होतो. मागे उरतो तो पांढरट किंवा कूलंटच्या रंगाचा पापुद्रा आणि गोडसर वास. ‘खाली थेंब नाही’ या तक्रारीचं कारण अनेकदा एवढंच असतं.

कूलंट आत शिरत असेल तर तपास वेगळा. थंड इंजिन सुरू करून मिनिटभरात रेडिएटरचा वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर तो उष्णतेमुळे झालेला नाही, कारण पाणी अजून तापलेलंच नाही. जळलेला वायू आत शिरला आहे. याची खात्री एका निळ्या द्रवाने करतात. ब्रोमोथायमॉल ब्लू असलेल्या नळीतून टाकीतली हवा ओढून घेतात. तिच्यात कार्बन डायऑक्साइड असेल तर द्रव आम्लधर्मी होऊन पिवळा पडतो. डिझेल इंजिन रिकाम्या गतीला फारच थोडं इंधन जाळतं, म्हणून धुरात कार्बन डायऑक्साइड कमी असतो आणि रंग हिरवट-पिवळ्यावर अडकू शकतो. गाडी थोडी ताणून, गरम करून मग ही चाचणी घ्यावी.

सकाळच्या मिसिंगचा दुसरा अर्धा भाग इथे उलगडतो. गाडी चालू असते तेव्हा सिलिंडरचा दाब कूलंटच्या कितीतरी पट, म्हणून वायू पाण्यात शिरतो. गाडी बंद केली की सिलिंडरचा दाब काही क्षणांत संपतो, पण कूलंट गरम असतं आणि त्याचा दाब पुढे बराच वेळ टिकतो. आता वाट तीच, दिशा उलटी. रात्रभर कूलंट थेंबाथेंबाने सिलिंडरमध्ये उतरतं. सकाळी त्या सिलिंडरला आग धरायला वेळ लागतो, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि मिनिटभरात सारं पूर्ववत होतं. त्याच सिलिंडरचा प्लग बाकीच्यांपेक्षा लख्ख निघतो. बोअरस्कोपचा छोटा कॅमेरा आत घातला तर पिस्टनचा माथाही वाफेने धुतल्यासारखा दिसतो.

हे दुर्लक्षित राहिलं तर दुसरा दोष जन्माला येतो. द्रव दाबला जात नाही. मल्टिजेटच्या त्या १९ मिलिलिटर जागेपेक्षा जास्त कूलंट साठलं आणि सकाळी स्टार्टर मारला, तर पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. रॉड एक मिलिमीटरने आखूड झाला तरी दाबाचं प्रमाण सुमारे १७.६ वरून १४.८ वर येतं. आता हा सिलिंडर कायमचा कमी कॉम्प्रेशनचा झाला. नवीन गॅस्केट टाकूनही आकडा सुधारत नाही, आणि मालकाला वाटतं की काम नीट झालं नाही.

पांढरा धूर दिसला म्हणून गॅस्केटच धरायची का? इथेच सर्वांत जास्त पैसे वाया जातात. आजच्या डिझेल गाडीत इजीआर कूलर असतो, धुराचा काही भाग थंड करून इंजिनात परत पाठवणारा. तो आतून फुटला की कूलंट थेट हवेच्या किंवा धुराच्या वाटेत जातं. पाणी कमी होतं, पांढरा धूर येतो, खाली थेंब नसतो. लक्षणं हुबेहूब गॅस्केटचीच. वेगळं काय, तर कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांत सारखं असतं. पाण्याने थंड होणाऱ्या टर्बोच्या घराला चीर गेली तरी असंच दिसतं. म्हणून पांढरा धूर आणि सारखं कॉम्प्रेशन ही जोडी दिसली की हेडला हात लावण्याआधी इजीआर कूलर सुटा करून त्याच्यात हवेचा दाब भरून पाहावा. ऑइल दुधासारखं झालं असेल तर ऑइल कूलरही तपासावा, तो आतून फुटल्यावरही पाणी आणि ऑइल एकत्र येतात. थंडीत छोट्या फेऱ्यांनंतर ऑइलच्या झाकणाखाली थोडा दुधी थर येतो, तो इंजिनात साठलेल्या ओलाव्याचा असतो. डिपस्टिकवरही दूध दिसलं तर काळजी करायची.

मराठवाड्यात या सगळ्यात बोअरच्या पाण्याची भर पडते. बेसाल्ट खडकातून येणाऱ्या या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. घागरीच्या तळाशी दिसणारा पांढरा थर हेडच्या अरुंद पाणीवाटांतही बसतो. क्षाराचा थर धातूपेक्षा कित्येक पटींनी कमी उष्णता वाहून नेतो, म्हणून काटा मध्यावर दाखवत असतानाही एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या शेजारचा धातू जास्त तापलेला असतो. अडचणीच्या वेळी मिळेल ते स्वच्छ पाणी घालावं, त्यात गैर काही नाही. पण मुक्कामी पोचल्यावर ते काढून डिस्टिल्ड वॉटर आणि पाणी न मिसळलेलं कूलंट सम प्रमाणात भरावं. नुसतं कूलंट ओतण्याने भलं होत नाही, ग्लायकॉलपेक्षा पाणीच जास्त उष्णता वाहून नेतं. काढलेलं कूलंट रस्त्याकडेला सांडू नये. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, आणि फाट्यावरच्या कुत्र्यांना, जनावरांना ते कळत नाही.

गाडी तापल्याचा दिवा लागला तर पुढच्या गावापर्यंत नेण्याचा मोह आवरावा. कूलंट पार संपलं की तापमानाचा सेन्सर द्रवाबाहेर उघडा पडतो आणि काटा खालीही येऊ शकतो. चालकाला वाटतं गाडी थंड झाली, प्रत्यक्षात हेड वाकायला तेवढी पाच मिनिटं पुरतात. तापलेल्या इंजिनावर ड्रममधलं गार पाणीही मारू नये, हेडला चीर जाते. आणि टर्बो गाडी महामार्गावरून भरधाव आणून हॉटेलसमोर तत्क्षणी बंद करू नये. मिनिट-दोन मिनिटं चालू ठेवली तर ऑइल आणि कूलंट टर्बोमधली साठलेली उष्णता काढून घेतात.

सगळ्या चाचण्या करून हेड उघडायचंच ठरलं, तर ते नांदेडला किंवा हिंगोलीला लेथवर पाठवताना फक्त ‘प्लेन करा’ एवढंच सांगू नये. आधी त्याचे पाणीमार्ग बंद करून, आत हवा भरून, गरम पाण्यात बुडवून चिरा तपासायला सांगावं. चिरलेलं हेड कितीही सपाट केलं तरी पाणी खातंच. हेडचे बोल्ट अनेक इंजिनांत एकदाच ताणण्यासाठी बनवलेले असतात, तिथे नवेच वापरावेत, आणि कंपनीने दिलेल्या क्रमाने, दिलेल्या टॉर्कला आणि अंशांना आवळावेत. जोडणी झाल्यावर कूलिंगमधली हवा काढून टाकणं फार महत्त्वाचं, कारण हवेचा एक फुगा हेडच्या वरच्या भागात अडकला तर पहिल्याच लांब प्रवासात तिथे वाफ होते. मग कॉम्प्रेशन पुन्हा मोजून चारही आकडे बिलाच्या मागे लिहून घ्यावेत. वर्षभराने तीच तक्रार आली तर तुलना करायला दुसरं काही हाताशी नसतं.